उंबर राणा आणि ढालधारी वीर

आपल्या घरांतील मुले हल्ली जपानी ‘इसेकाई’ कथांत रमतात. इसेकाई म्हणजे दुसरे जग. २०१९ साली पडद्यावर आलेल्या ‘द रायझिंग ऑफ द शील्ड हीरो’ या मालिकेतील नाओफुमी अशाच परक्या जगात ओढला जातो. हाती केवळ ढाल, माथी खोटा आळ. पुढे गावोगाव माल विकत तो आपली पत उभी करतो.

हा नायक आपणांस नवा नाही. नवपद ओळीत आपण ज्याची कथा ऐकतो, तो श्रीपाल राज्य गमावून कुष्ठरोग्यांच्या मेळ्यात ‘उंबर राणा’ झाला होता. मारवाडातून घोडनदीकाठी, दौंडला आलेल्या आपल्या पूर्वजांनाही प्रारंभी येथे कोण ओळखत होते?

मात्र श्रीपालास समुद्रात लोटणारा धवल शेठ धनाढ्य व्यापारीच होता, आणि श्रीपालाने त्यालाही क्षमा केली, हे विसरू नये. मुले दुबळ्याची बाजू घेतात, हे शुभलक्षण होय. परंतु पेढीवरील हमालाशी, दिवाणजीशी आपण कसे बोलतो, हेही ती पाहत असतात. त्यांना आपल्यात श्रीपाल दिसतो की धवल शेठ, याचे चिंतन येत्या ओळीत अवश्य व्हावे.