हाऊसफुल्लच्या पाटीवर नाट्यगृह तगत नाही

न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवे या रस्त्यावर विंटर गार्डन नावाचं नाट्यगृह आहे. मूळची इमारत घोड्यांच्या खरेदी-विक्रीची. १९११ साली शूबर्ट बंधूंनी तिचं नाट्यगृह केलं. १९५७ साली ‘वेस्ट साइड स्टोरी’ इथेच पहिल्यांदा ब्रॉडवेवर आलं. २००१ पासून बारा वर्षं इथे ‘मामा मिया!’ चाललं आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये ते याच रंगमंचावर परत आलं. आबा या स्वीडिश बँडची लोकप्रिय गाणी गुंफून रचलेलं हे संगीत नाटक आणि त्याला जागा देणारी ही शंभरी ओलांडलेली वास्तू यांच्याकडे मुंबईतल्या नाट्यगृहांची काळजी असणाऱ्यांनी नीट पाहावं, म्हणून हे मुद्दे.

१. आयत्या गाण्यांवर उभ्या राहिलेल्या नाटकाला नाक मुरडणं आधी थांबवूया. तयार गाणी घ्यायची आणि त्यांच्याभोवती कथा विणायची, हे हलकं काम नाही. लेखिका कॅथरीन जॉन्सन यांनी ग्रीसमधलं एक बेट घेतलं, तिथे एकटीने मुलगी वाढवणारी आई घेतली, लग्नाला उभी राहिलेली मुलगी घेतली आणि तिचे बाप असू शकतील असे तीन पुरुष आणून उभे केले. गाणी अशी बेतली की ती या माणसांच्या तोंडी शोभतात. पदांसाठी नाटकाला जाणाऱ्या, आवडत्या पदाला वन्स मोअर देणाऱ्या आपल्या प्रेक्षकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. ओळखीचं गाणं ऐकायला माणूस तिकीट काढतो, हा नाटकाचा कमीपणा नव्हे.

शिवाय काळ पाहा. न्यूयॉर्कमध्ये हे नाटक १८ ऑक्टोबर २००१ रोजी उघडलं. जुळे मनोरे कोसळून सव्वा महिनासुद्धा झाला नव्हता. पर्यटक यायचे थांबले होते, काही नाटकांनी गाशा गुंडाळला होता. अशा शहरात लोक हे नाटक पाहायला आले आणि येत राहिले. २०१३ साली ते ब्रॉडहर्स्ट नाट्यगृहात गेलं आणि २०१५ साली थांबलं, तोवर ५,७५८ प्रयोग झाले होते. एवढे प्रयोग म्हणजे वादक, प्रकाशयोजनेची माणसं, कपडेपट सांभाळणाऱ्या बायका, दारावरचे कर्मचारी यांचा वर्षानुवर्षांचा पगार. आणि नाट्यगृहाच्या मालकाला भाडं, वर तिकीटविक्रीत वाटा. जुनी वास्तू या पैशावर जगते, हे मान्य करायला लाजू नये.

२. पण यशस्वी नाटक वास्तूला इजाही करू शकतं, आणि त्याचा पुरावा याच नाट्यगृहात सापडतो. १९८२ साली तिथे ‘कॅट्स’ आलं. उकिरड्याचं अवाढव्य नेपथ्य थेट प्रेक्षागृहात शिरलं. भिंती काळ्या झाल्या, १९२० च्या दशकातली नक्षी झाकली गेली. नाटक अठरा वर्षं चाललं, ७,४८५ प्रयोग झाले. एका पिढीने ते प्रेक्षागृह त्याच्या खऱ्या रूपात पाहिलंच नाही. ‘कॅट्स’ उतरल्यावर मोठा खर्च करून जुनं रूप परत आणलं गेलं, आणि त्या उजळलेल्या प्रेक्षागृहात ‘मामा मिया!’ उभं राहिलं. ते रूप परत आणता आलं, हे मला या सगळ्या हकिकतीत सर्वांत महत्त्वाचं वाटतं. निर्मात्याला हवं ते करू द्या. मात्र जे केलं ते उलटवता आलं पाहिजे आणि ते उलटवण्याची जबाबदारी करारात लिहिलेली असली पाहिजे.

३. हे मालकाच्या सदिच्छेवर सोडता येत नाही. त्याच १९८२ साली टाइम्स स्क्वेअरजवळ एका हॉटेलसाठी हेलन हेज, मोरॉस्को, बिजू यांच्यासह पाच जुनी नाट्यगृहं पाडली गेली. नाट्यनिर्माते जोसेफ पॅप यांच्यासह कलावंत रस्त्यावर उतरले, अटक करून घेतली. नाट्यगृहं काही वाचली नाहीत. त्या धक्क्यानंतर शहराने एकेक नाट्यगृह वारसा यादीत घ्यायला सुरुवात केली. विंटर गार्डनचा अंतर्भाग १९८८ साली यादीत आला, म्हणजे ‘कॅट्स’ आत चालू असतानाच. मोठे नाट्यगृहमालक याविरुद्ध न्यायालयात गेले. तिथे हरले, आणि १९९२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचं प्रकरण ऐकायलाच नकार दिला.

४. वारसा यादी भिंत वाचवते, नाटक वाचवत नाही. यादीतल्या नाट्यगृहात उद्या दुकान थाटलं तरी नक्षीला धक्का लागत नाही तोवर तो कायदा आडवा येत नाही. म्हणून १९९८ साली न्यूयॉर्कने दुसरं पाऊल टाकलं. जुन्या नाट्यगृहांवर जे बांधकाम होऊ शकलं असतं आणि झालं नाही, तो हक्क मालकाला आसपासच्या नाट्यविभागात विकायची मुभा दिली. आपल्या भाषेत टीडीआर. पण अटी घातल्या: वास्तूची देखभाल करायची, तिथे नाटकच चालू ठेवायचं, आणि विकलेल्या दर चौरस फुटामागे ठरावीक रक्कम नाट्यक्षेत्राच्या निधीत भरायची. मालकाला पैसा मिळाला आणि शहराला शब्द मिळाला, तोही कागदावर.

५. नावाबद्दलही बोललं पाहिजे. २००२ ते २००७ या काळात विंटर गार्डनच्या नावाआधी एका मोटारीच्या ब्रँडचं नाव लागलं होतं. पैसे आले असतील. तरी शतकाच्या वास्तूचं नाव भाड्याने देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

६. आता मुंबई. टीडीआर आपल्याला १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीपासून ठाऊक आहे, त्यामुळे हत्यार नवं नाही. चर्नी रोडचं रॉयल ऑपेरा हाऊस १९९३ पासून बंद पडलं होतं. मालकांनी जिद्द धरली, उत्तम संवर्धन झालं आणि २०१६ साली पडदा पुन्हा उघडला. पण प्रत्येक नाट्यगृहाला असा मालक लाभत नाही. परळचं दामोदर नाट्यगृह म्हणजे गिरणगावातल्या कामगारांचं, कोकणातून आलेल्या नमन आणि दशावताराच्या मंडळांचं हक्काचं ठिकाण. २०२३ च्या अखेरीस ते पुनर्विकासासाठी बंद झालं, तेव्हा रंगकर्मींना विरोधाला उभं राहावं लागलं. कुदळ पडायची वेळ आल्यावर आंदोलन करायचं, हा १९८२ चा न्यूयॉर्कचा रस्ता आहे. तो कुठे जातो ते आपल्याला माहीत आहे.

७. म्हणून महापालिकेकडे आणि राज्य शासनाकडे मागणी अशी. मुंबईतल्या जुन्या नाट्यगृहांची, वास्तू आणि वापर या दोन्ही अंगांनी, एक यादी करा. देखणी कमान नसली म्हणून दामोदरसारखी जागा तिच्यातून वगळू नका. यादीतल्या नाट्यगृहाच्या मालकाला टीडीआर किंवा वाढीव चटईक्षेत्र देताना नाटकाच्या वापराची अट मिळकतीच्या दस्तातच नोंदवा, म्हणजे मालक बदलला तरी ती सुटणार नाही. पुनर्विकास अटळ असेल तर नव्या इमारतीतल्या नाट्यगृहाची आसनसंख्या, रंगमंचाची खोली आणि हौशी मंडळांना परवडेल असं भाडं परवानगीच्या आधी जाहीर करा, आणि ते नाट्यगृह चालू झाल्याशिवाय वरच्या मजल्यांना भोगवटा प्रमाणपत्र देऊ नका.