त्सुनामी किती वाजता येणार, हे कॉम्प्युटरला आधीच कसं कळतं?

३० जुलै २०२५. आपल्याकडे पहाटेचे जेमतेम पाच वाजत होते, तेव्हा रशियाच्या कामचात्का किनाऱ्याजवळ समुद्रात मोठा भूकंप झाला. थोड्याच वेळात जपानपासून हवाईपर्यंत त्सुनामीचे इशारे निघाले. लाट हवाईला पोहोचायला काही तास बाकी होते, तरी ती साधारण कधी येणार हे जाहीर झालं होतं. कसं?

वेळ काढणं त्यातल्या त्यात सोपं. त्सुनामीचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो. समुद्र ४ किलोमीटर खोल असेल तर ताशी सुमारे ७०० किलोमीटर, म्हणजे जवळपास विमानाइतका. किनाऱ्याजवळ वेग घटतो आणि उंची वाढते.

खरी डोकेदुखी या उंचीची. त्यासाठी कॉम्प्युटरमध्ये समुद्राचे चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनात पाणी किती चढलं, कुठे सरकलं, हे शेजारच्या चौकोनांवरून दर काही सेकंदांनी पुन्हा मोजायचं. नेहमीच्या पद्धतीत एक अट असते: एका टप्प्यात लाटेने एकापेक्षा जास्त चौकोन ओलांडता कामा नये. नाहीतर आकडे वेड्यासारखे फुगतात. गंमत म्हणजे कूरांट, फ्रीडरिक्स आणि लेवी या गणितज्ञांनी ही अट १९२८ मध्येच मांडली होती, आजच्यासारखे कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधी.

आता हिशोब बघा. चौकोन ४ किलोमीटरचा असेल तर २० सेकंदांचा टप्पा चालतो. तोच ४०० मीटरचा केला की चौकोन १०० पट वाढतात आणि टप्पा २ सेकंदांवर येतो. एकूण काम १००० पट! म्हणून भर समुद्रात मोठे चौकोन आणि बंदराजवळ बारीक. हैदराबादच्या 'इन्कॉइस'मधलं आपलं केंद्र तर संभाव्य भूकंपांची गणितं आधीच करून ठेवतं. भूकंप झाला की त्यातलं जवळचं उत्तर काढायचं.

मग अंदाज चुकतो कुठे? बहुतेकदा सुरुवातीलाच. समुद्राचा तळ नेमका किती उचलला गेला, हे पहिल्या काही मिनिटांत नीट कळत नाही. कामचात्काची तीव्रता आधी ८.० सांगितली गेली, नंतर ८.८ झाली. फरक किरकोळ वाटतो, पण ऊर्जेत तो सुमारे १६ पट आहे. खोल समुद्रात तळाशी बसवलेली दाबमापक यंत्रं खरी लाट टिपतात, तसं गणित सुधारत जातं.

हवाईत लाट जास्तीत जास्त पावणेदोन मीटरच्या आसपास निघाली. 'उगाच घाबरवलं' म्हणणं सोपं आहे, पण त्याच त्सुनामीचं पाणी रशियाच्या सेवेरो-कुरिल्स्क बंदरात शिरलं.

आणि हे फक्त पॅसिफिकपुरतं नाही. नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरान किनाऱ्याजवळच्या भूकंपाची त्सुनामी मुंबईपर्यंत आली होती. भारताचं इशारा केंद्र मात्र सुरू झालं २००७ मध्ये.