आचार मोडून मन घडते काय?

'कर्मकांड' असा शिक्का मारला की विचार करण्याचे कष्ट वाचतात. चीनमधील तथाकथित पुरोगाम्यांनी हेच केले. १९१९ च्या चार मे चळवळीच्या काळात कन्फ्यूशियसप्रणीत 'ली', म्हणजे विधी, शिष्टाचार व मर्यादा यांची व्यवस्था, ही सरंजामशाहीची बेडी ठरली. १९६६ मध्ये लाल रक्षकांनी कन्फ्यूशियसच्या जन्मभूमीतील, छुफू येथील स्मारकांवरच घाला घातला.

परंतु ज्या चू शीने (११३०-१२००) नव-कन्फ्यूशियन विचाराला शास्त्रशुद्ध रूप दिले, त्याचे म्हणणे काय होते? विश्वातील मूलतत्त्व आणि आचारविधी या दोहोंसाठी चिनी भाषेत 'ली' असाच उच्चार आहे. लिपिचिन्हे मात्र भिन्न. चू शीच्या मते विधी म्हणजे त्या अमूर्त तत्त्वाला व्यवहारात लाभलेला आकार. म्हणूनच त्याच्या शिक्षणक्रमात आठव्या वर्षी बालकाने अंगण झाडावे, वडीलधाऱ्यांना नीट उत्तर द्यावे. तत्त्वचिंतन पंधराव्या वर्षानंतर! केवळ संकल्पाने मन आवरत नाही. वेश, बैठक, दृष्टी आणि वाणी यांना वळण लागले की चित्तात आदरयुक्त सावधानता रुजते.

यावर आक्षेप येईल की, याच परंपरेने विधवांवर अन्याय केला. तो झाला, हे निःसंशय! छंग यीसारख्या आचार्याने विधवेच्या पुनर्विवाहापेक्षा उपासमार पत्करण्यास सांगितले. १९१८ मध्ये लू शूनने आपल्या कथेतून ओढलेले कोरडे अकारण नव्हते. परंतु करुणाहीन विधीचा दोष विधिमात्राच्या माथी कसा मारता येईल? प्राचीन विधी जसेच्या तसे चालणार नाहीत, हे चू शी स्वतःच सांगत होता. वांग यांगमिंगने (१४७२-१५२९) तर बजावले की, बाह्य तपशील अचूक साधणे हाच सद्गुण असेल, तर रंगमंचावरील नटही सत्पुरुष ठरेल. दंभावरची टीका परंपरेच्या उदरातूनच जन्मली होती.

खरा नट निराळाच आहे. १९७४ मध्ये ज्या राजवटीने कन्फ्यूशियसविरोधी मोहीम देशभर पेटवली, तिनेच २००४ पासून त्याच्या नावाच्या संस्था परदेशांत उघडल्या. नाव उचलले, आत्मशासन मात्र गाळले. जो विधी सत्ताधाऱ्याच्या मनाला लगाम घालत नाही, तो विधी नव्हे. ती निव्वळ सजावट होय!