आधी वळणाशी ओळख, मग भरवसा

आपल्या जिल्ह्यात कुणी गाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, 'घाटावरचं का घाटाखालचं?' बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार घाटावर. मलकापूर, मोताळा, नांदुरा, शेगाव घाटाखाली. मग मामाच्या मुलीचं लग्न असो, परीक्षेचं सेंटर असो की मलकापूरहून पकडायची रेल्वे, मध्ये घाट येतोच. मलकापूरकडे जाताना राजूर घाट, खामगावकडे जाताना बोथा घाट. त्यामुळे घरात नवी गाडी आली की तिची खरी परीक्षा कॉलेजच्या गेटसमोर होत नाही, घाटात होते. आणि त्या परीक्षेला गाडी नाही, आपण बसलेलो असतो.

मी त्या परीक्षेत जवळजवळ नापास झालो होतो. गेल्या दसऱ्याला आमच्याकडे टर्बो इंजिनची हॅचबॅक आली. सीटला लाल दोऱ्याची शिलाई, रुंद टायर, जाड आवाजाचा एक्झॉस्ट. चौथ्याच दिवशी तीन मित्र घेऊन राजूर घाट उतरायला निघालो. पहिली दोन वळणं अशी मस्त गेली की मला वाटलं, आपल्याला जमलं. तिसरं वळण डावीकडचं होतं. आत शिरल्यावर कळलं की वेग जास्त आहे. घाबरून मधेच ब्रेक दाबला आणि गाडीचं तोंड वळायच्या ऐवजी सरळ जायला लागलं. उजवी दोन्ही चाकं मधली रेषा ओलांडून पलीकडे गेली. समोरून एसटी चढत होती. त्या ड्रायव्हरकाकांनी बस आधीच हळू केलेली होती, म्हणून वाचलो. त्यांनी शिवीही दिली नाही. खिडकीतून डोकं काढून एवढंच म्हणाले, "गाडी नवी हाय बाप्पा, घाट जुनाच हाय ना!"

त्या वाक्यावर मी बरेच दिवस विचार केला. माझं मत असं झालंय की वळणावरचा आत्मविश्वास गाडीसोबत डिलिव्हरीत मिळत नाही. तो धाडसानेही येत नाही. तो येतो ओळखीने, आणि ओळख व्हायला वेळ लागतो.

पहिली गोष्ट म्हणजे स्पोर्टी गाडी आपल्याला फसवते कशी, ते समजून घ्या. जुनी जीप आठवा. वळणावर ती तीसच्या वेगालाच एका अंगावर कलायची. आत बसलेली आजी दांडा घट्ट धरायची आणि ड्रायव्हर आपोआप हळू व्हायचा. नव्या स्पोर्टी गाडीचं सस्पेन्शन कडक असतं, ती उंचीला कमी असते, फार कलत नाही. सीट तुम्हाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवते. तिची मर्यादा जीपपेक्षा पुढे असते, हे खरंच. पण मर्यादा जवळ आल्याची भीती मात्र पोटात उशिरा येते. जीप खूप आधी ओरडायची. ही गाडी गप्प राहते आणि एकदम घसरते. नवशिक्यासाठी म्हणूनच ती जास्त अवघड.

दुसरी गोष्ट अकरावीच्या फिजिक्समधली. वळताना रस्त्याशी जी पकड लागते ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. चाळीसऐवजी पन्नासने गेलात तर वेग सव्वापट झाला, पण लागणारी पकड दीडपटीहून जास्त. एक उदाहरण सोडवूनच बघा. 20 मीटर त्रिज्येचं, सपाट, आवळलेलं वळण घ्या. कोरड्या डांबरावर घर्षणांक 0.7 धरला तर मर्यादा येते ताशी साधारण 42 किलोमीटर. पाऊस पडून तो 0.4 झाला तर साधारण 32. त्यावर दरडीतून आलेली माती किंवा बारीक खडी पसरली असेल तर आणखी खाली. या गणितात गाडीचं वजन दोन्ही बाजूंनी कटतं, आणि हॉर्सपॉवर तर कुठेच येत नाही. टायर येतो. चार टायर मिळून रस्त्याला टेकतात ते जेमतेम चार तळहातांएवढ्या जागेवर. गाडी कितीही महाग असो, पकड तिथेच.

आता माझी चूक कळेल. टायरची पकड म्हणजे खिशातले शंभर रुपये समजा. ते ब्रेकवर खर्च करा, नाहीतर वळण्यावर. वळण्यावर नव्वद गेलेले असताना मी ब्रेकवर पन्नास मागितले. कुठून येणार? एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, ईएससी एखाद्या चाकाला ब्रेक लावून गाडी ओळीत आणायला बघते. दोन्ही गोष्टी असायलाच हव्यात. पण त्याही त्याच शंभरात भागवतात, वरून पैसे टाकत नाहीत.

मग ओळख करायची कशी? मी नंतर जे केलं ते सांगतो.

सुरुवातीचे दोनशे-तीनशे किलोमीटर शांतपणे चालवली. नव्या टायरचा वरचा गुळगुळीत थर घासला जायला आणि ब्रेक बसायला तेवढं लागतं. हवेचा दाब ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेला असतो, तो टायर थंड असताना तपासला. मग एका मोकळ्या मैदानात, मागेपुढे कुणी नाही हे बघून, चाळीसच्या वेगाला ब्रेक पूर्ण दाबला. पायाखाली एबीएसची थरथर पहिल्यांदा जाणवली. पहिल्यांदा ती घाटात जाणवली असती, तर मी घाबरून पाय उचलला असता.

त्यानंतर घाट. सकाळी, कोरड्या रस्त्यावर, एकटा. नियम एकच ठेवला, वळणाच्या आत कुठलाही निर्णय घ्यायचा नाही. ब्रेक वळणाआधी, सरळ रस्त्यावर. गिअर वळणाआधीच खाली. आत शिरताना वेग इतका कमी की कंटाळा यावा. हात स्टिअरिंगवर नऊ आणि तीनच्या जागी, आणि नजर बॉनेटसमोर नको, वळण जिथे सुटतं तिथे. हात नजरेच्या मागे जातात, हे शंभरदा ऐकलेलं खरं निघालं. वळण उघडलं की हळूहळू ॲक्सिलरेटर. स्टिअरिंग फिरवूनही गाडी बाहेर जातेय असं वाटलं तर आणखी फिरवायचं नाही, ॲक्सिलरेटरवरून पाय हलकेच सैल करायचा. उतरताना त्याच गिअरमध्ये, ज्यात चढलो असतो. हे जुन्या ड्रायव्हरांचं शास्त्र आहे. सारखा ब्रेक दाबून तो तापवण्यापेक्षा इंजिनलाच गाडी धरू द्यायची. आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा शिष्टाचारही आहे आणि नियमही.

इथे रील्सबद्दल बोलायलाच हवं. रीलमध्ये वळण बाहेरून आत आणि पुन्हा बाहेर असं कापतात. ट्रॅकवर ते बरोबर आहे, कारण तिथे समोरून कुणी येत नाही. घाटात ती अर्धी रेषा दुसऱ्याच्या मालकीची असते. तिथून कापसाचा ट्रक येऊ शकतो, दुचाकीवर लेकरू पुढ्यात घेतलेलं जोडपं येऊ शकतं. बोथ्याचा रस्ता तर ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. तिथे अस्वल आहे, बिबट्या आहे, नीलगाय आहे. 2019 मध्ये टिपेश्वरचा एक वाघ जवळपास 1300 किलोमीटर चालत याच जंगलात आला होता. ज्या वळणापलीकडचं दिसत नाही, तिथे वेग एवढाच हवा की दिसतंय तेवढ्या अंतरात गाडी थांबेल.

वेगाचीच हौस असेल तर ती वाईट आहे असं मी म्हणणार नाही. मलाही आहे. कोल्हापूरला गो-कार्टिंगचा ट्रॅक आहे, चेन्नई-कोइम्बतूरला रेसिंगचे ट्रॅक आहेत. एकदा पैसे जमवून जा. पकड सुटते म्हणजे काय, हे तिथे कुणाचा जीव धोक्यात न घालता कळतं. आणि रॅलीवाल्यांकडून एक गोष्ट शिका. स्पर्धेआधी ते सगळा मार्ग मर्यादित वेगाने फिरून बघतात. शेजारी बसलेला सहचालक प्रत्येक वळणाची नोंद वहीत करतो, आणि स्पर्धेच्या दिवशी तीच वही मोठ्याने वाचतो. देशातले सगळ्यात वेगवान ड्रायव्हर आधी हळू जातात. आपण मात्र चौथ्या दिवशी चौथ्या गिअरमध्ये!

समृद्धीवरून येणाऱ्यांसाठी अजून एक सूचना. तासभर 120 ने गेल्यावर डोळ्यांना साठ म्हणजे रांगणं वाटतं. मेहकरला किंवा सिंदखेडराजाला खाली उतरल्यावर चहा घ्या, मीटर बघा. मनाच्या अंदाजावर घाट गाठू नका.

शेवटचं, मागच्या सीटबद्दल. त्या दिवशी माझ्या तीन मित्रांपैकी एकाला पहिल्याच वळणावर भीती वाटली होती. त्याने नंतर सांगितलं. तेव्हा बोलला नाही, कारण बाकीचे 'दाब, दाब' करत होते आणि त्याला 'भित्रा' ऐकायचं नव्हतं. मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. माझा आत्मविश्वास त्याच्या गप्प बसण्यावर उभा होता. म्हणून तुम्ही मागे बसलेले असाल तर बोला. चालवत असाल तर निघतानाच सांगून ठेवा, "भीती वाटली की सांग रे, मी हळू करीन."

मी आता तो घाट महिन्यातून चार-पाच वेळा करतो. ते तिसरं वळण ओळखीचं झालंय. किती आधी ब्रेक लावायचा, पावसात कुठे माती येते, हे माहीत आहे. गाडी तीच आहे आणि खरं सांगायचं तर आता ती जास्त मजा देते. परवा त्याच वळणावर एसटी चढताना दिसली. मी आधीच डावीकडे थांबून वाट दिली. ड्रायव्हर तेच काका होते की नाही, दिसलं नाही. पण हॉर्न एकदा वाजला, छोटासा.