पगारातील ती लहानशी कपात

वाचकहो, घरातील मिळवत्या माणसाच्या पगारपत्रकावर 'ई. एस. आय.' या अक्षरांपुढे लिहिलेली कपात आपण कधी निरखून पाहिली आहे काय? खर्चाचा मेळ घालताना ती गृहिणीच्या डोळ्यांत सलते, हे आम्ही जाणतो. परंतु तिच्या पाठीमागे फार मोठा विचार उभा आहे.

गिरणीतील कामगार तापाने अंथरुणास खिळला की पूर्वी घरावर दोन संकटे एकदम कोसळत. औषधाचा खर्च वाढे आणि नेमकी त्याच वेळी मजुरी थांबे. मग सावकाराचे दार ठोठवावे लागे. आजार पंधरवड्यात हटे. कर्ज मात्र वर्षानुवर्षे हटत नसे. प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ साली सरकारला सादर केलेल्या अहवालात कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना मांडली. १९४८ मध्ये कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते कानपूर येथे योजनेस आरंभ झाला. दिल्लीतही ती त्याच वेळी सुरू झाली. प्रारंभी औषधोपचार केवळ कामगारापुरताच होता. कुटुंबाचा समावेश मागाहून झाला.

हिशेब पाहा. जुलै २०१९ मध्ये ठरलेल्या दराने दहा हजार रुपये वेतनातून कामगाराचे ७५ रुपये जातात आणि मालक त्यात स्वतःचे ३२५ घालतो. मोबदल्यात औषधोपचार तर मिळतोच. शिवाय आवश्यक तितके दिवस वर्गणी भरलेली असल्यास आजारपणात वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत वेतनाचा ७० टक्के भाग हाती येतो. म्हणजे चूल विझत नाही आणि मुलाची शाळा सुटत नाही. सावकाराची सद्दी केवळ उपदेशाने ओसरत नसते, ती अशा व्यवस्थेने ओसरते, असे आमचे मत आहे.

सारेच गोड आहे असे मात्र नाही. औषधाच्या खिडकीपुढे अर्धा दिवस मोडतो, ही तक्रार खोटी म्हणता येणार नाही. जानेवारी २०१७ मध्ये वेतनाची मर्यादा २१,००० रुपये करण्यात आली. ती ओलांडणारे कुटुंब पगारवाढीचे पेढे वाटते आणि कालांतराने विम्याबाहेर पडते! घरोघर धुणीभांडी करणाऱ्या भगिनींपर्यंत तर ही छत्री पोहोचलेलीच नाही.

तेव्हा या महिन्याचे पगारपत्रक हाती येईल त्या दिवशी एवढे अवश्य पाहावे: कपात झालेली रक्कम खरोखर जमा होते काय, आणि विम्याच्या कार्डावर घरातील सर्व पात्र माणसांची नावे आहेत काय. नव्या बाळाचे नाव बहुधा राहूनच गेलेले असते.