दहावा नंबर

मंडळी, आजचा विषय मुंबई इंडियन्स. "बाईंनी आता क्रिकेटवर लिहायला घेतलं का?" असं आमच्या घरचे म्हणतीलच, म्हणोत बापडे. मला क्रिकेटवर कमी आणि हरण्यावर जास्त लिहायचं आहे.

पाच वेळा आयपीएल जिंकलेला हा संघ दोनदा अगदी तळाला गेला, २०२२ मध्ये आणि २०२४ मध्ये. दोन्ही वेळा हिशोब एकच: सामने १४, विजय ४, पराभव १०, दहा संघांत दहावा नंबर. गुणपत्रिका सारखीच, पण हे दोन हंगाम मला मुळीच सारखे वाटत नाहीत.

आधी २०२२. त्या वर्षी मोठा लिलाव होता आणि जुने चारच खेळाडू ठेवता येणार होते. हार्दिक आणि कृणाल हे पंड्या बंधू गेले, बोल्ट गेला, डी कॉक गेला. आठ कोटींना घेतलेला जोफ्रा आर्चर दुखापतीमुळे त्या वर्षी खेळलाच नाही. पहिले आठच्या आठ सामने हरले. रोहित शर्माचं अख्ख्या हंगामात एक अर्धशतक नाही. पहिला विजय मिळाला तो ३० एप्रिलला, नेमका रोहितच्या वाढदिवशी. पण याच पडत्या वर्षात तिलक वर्मा नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा सापडला, त्याने ३९७ धावा केल्या. आणि २१ मेचा तो शेवटचा सामना! मुंबईचा पुढे जाण्याचा प्रश्न केव्हाच संपला होता. तरीही त्यांनी वानखेडेवर दिल्लीला हरवलं आणि त्यामुळे बंगळूरचा संघ पुढे गेला. फायदा दुसऱ्याचा होणार हे माहीत असूनही आपलं काम नीट करायचं... या बाबतीत मी त्यांना पहिला नंबर देईन.

आता २०२४. त्या हंगामाआधी मालकांनी रोहितला कप्तानपदावरून काढलं आणि गुजरातहून परत आणलेल्या हार्दिकला कप्तान केलं. रोहित बोरिवलीत वाढलेला, म्हणजे आमच्या भाईंदरपासून तीन स्टेशनं. आमच्या केबिन रोडवर लोक हळहळले, ते मी समजू शकते. मलाही वाईट वाटलं होतं. पण निर्णय मालकांचा आणि राग निघाला खेळाडूवर! १ एप्रिलला वानखेडेवर नाणेफेकीलाच हार्दिकची हुर्यो उडवली गेली. त्या सामन्याचा एक चेंडूही पडला नव्हता. संजय मांजरेकरांना माइकवरून लोकांना नीट वागायला सांगावं लागलं. पुढे ११ तारखेला तर विरुद्ध संघातल्या विराट कोहलीने प्रेक्षकांना खुणावून थांबवलं. आपल्या मैदानावर, आपल्याच कप्तानासाठी, पाहुण्याने आपल्याला शहाणपण शिकवायचं?

"पैसे मोजून तिकीट काढतो, ओरडणारच," असं तरुण मंडळी म्हणतात. ओरडा ना! झेल सुटला तर चिडा, गोलंदाजी चुकीच्या माणसाला दिली तर वाद घाला. तिकिटात तेवढा हक्क नक्की येतो. माणसाचा पाणउतारा करण्याचा हक्क मात्र त्यात येत नाही.

त्या हंगामात हार्दिकला उद्देशून एक शब्द गाजला, 'छपरी'. जन्मभर मराठी शिकवली, म्हणून हा शब्द मला जास्त टोचतो. छपरी म्हणजे छप्पर घातलेला लहानसा आडोसा, गरिबाचा निवारा. त्याची आपण शिवी केली. मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या बिल्डिंगखाली खेळणाऱ्या मुलांपैकी एकाच्या हातून झेल सुटला आणि बाकीच्यांनी त्याला हाच शब्द वापरला. तो मुलगा नंतर दोन दिवस खेळायला उतरला नाही. स्टेडियममधून सुटलेली गोष्ट अशी गल्लीपर्यंत पोचते.

पुढचं तुम्हाला माहीत आहेच. २९ जून २०२४, बार्बाडोस. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेवटच्या षटकात १६ धावा वाचवायच्या होत्या, चेंडू हार्दिकच्या हातात. आपण ७ धावांनी जिंकलो. ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा जयघोष झाला. सगळ्यांना गहिवरून आलं. मला मात्र प्रश्न पडला, ते षटक महागात पडलं असतं तर? जिंकल्यावर मिळतो तो मान खरा मानायचा का? तो तर निकालाचा मान, माणसाचा नव्हे.

दहा संघ असले की कुणीतरी दहावा येणारच, हे साधं गणित आहे. त्याच २०२४ मध्ये अमेरिकेत शिकागोचा व्हाइट सॉक्स हा बेसबॉलचा संघ १६२ पैकी १२१ सामने हरला. त्यापुढे आपले दहा म्हणजे काहीच नाहीत! वर्गातला शेवटचा मुलगा निदान पास तरी होऊ शकतो, खेळात तीही सोय नाही. म्हणून शेवटचा आला एवढ्यावरून गुन्हेगार शोधत बसू नये. २०२५ मध्ये हार्दिकच कप्तान असताना हाच संघ बाद फेरीत पोचला.

माझं मत एवढंच, की हरणाऱ्या हंगामात खेळाडूंइतकीच परीक्षा प्रेक्षकांची असते. २०२२ मध्ये संघ शेवटचा आला, पण शेवटपर्यंत मन लावून खेळला. २०२४ मध्ये वानखेडेच्या प्रेक्षकांचा पेपर मी तपासला असता, तर पास केलं नसतं.

असो. बघा पटतंय का.