नायट्रोजनचे दूध

दसरा-दिवाळी जवळ आली की खव्याच्या आणि दुधाच्या गाड्या अडवल्याच्या बातम्या सुरू होतात. बहुतेक बातम्या एकाच वाक्यावर थांबतात : नमुने प्रयोगशाळेत पाठवण्यात आले आहेत. पुढे निकाल कळलाच तर ‘प्रमाणित’, ‘कमी दर्जाचा’, ‘असुरक्षित’ यांपैकी एक शब्द कानावर पडतो. त्या नमुन्यात नेमके काय काय शोधले होते, ही यादी फायलीतच राहते. आपण ती मागत नाही. भेसळ करणाऱ्याला मात्र ती पाठ असते.

ही यादी किती महत्त्वाची, ते चीनमध्ये २००८ साली दिसले. पण त्या कथेची सुरुवात कोपनहेगनची. तिथल्या कार्ल्सबर्ग या बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत योहान केल्दाल यांनी १८८३ मध्ये प्रथिने मोजण्याची एक रीत बसवली. प्रथिन थेट मोजणे जिकिरीचे, त्यातला नायट्रोजन मोजणे त्या मानाने सोपे. म्हणून पदार्थ तीव्र सल्फ्युरिक आम्लात तापवून विरघळवायचा, अल्कली घालून अमोनिया बाहेर काढायचा, तो आम्लात धरायचा आणि टायट्रेशन करून मोजायचा. आलेल्या नायट्रोजनला साधारणपणे ६.२५ ने आणि दुधाच्या बाबतीत ६.३८ ने गुणले की प्रथिनाचा आकडा हाती येतो. रीत इतकी भरवशाची की सव्वाशे वर्षांनंतरही ती जगभर चालू होती, आजही आहे. तिच्यात गृहीत धरलेली गोष्ट एकच : नायट्रोजन आला तो प्रथिनातूनच आला.

मेलामाइन हे ताटे-वाट्या आणि लॅमिनेट बनवण्याच्या धंद्यातले रसायन. त्याच्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग नायट्रोजन असतो. प्रथिनात तो जेमतेम सोळा टक्के. हिशेब करून पाहा. पाणी घातलेल्या लिटरभर दुधात एक ग्रॅम मेलामाइन मिसळले की कागदावर सव्वाचार ग्रॅम प्रथिन वाढते. चीनमध्ये दूध गोळा करणाऱ्या दलालांना हा हिशेब कळला, ‘प्रोटीन पावडर’ म्हणून मेलामाइनची भुकटी विकणारेही निघाले. सानलू आणि इतर कंपन्यांच्या बाळांच्या दूधभुकटीतून ती घराघरांत गेली. सुमारे तीन लाख बाळे आजारी पडली, कित्येकांच्या मूत्रपिंडात खडे झाले, सरकारी आकड्याप्रमाणे सहा दगावली. २००९ मध्ये दोघांना मृत्युदंड झाला.

या प्रकरणात केल्दालची रीत चुकली नव्हती. तिने नायट्रोजन मोजला आणि अचूक मोजला. विचारायचा प्रश्न वेगळा होता. दुधात ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्ल घातले की खरे प्रथिन साक्याच्या रूपाने खाली बसते आणि मेलामाइन, युरिया वगैरे गाळलेल्या पाण्यात राहतात. दोन्हींतला नायट्रोजन वेगवेगळा मोजला असता तर लबाडी त्याच टेबलावर उघडी पडली असती. ही युक्ती दुग्धशास्त्रात जुनीच, आणि तिला कोट्यवधींचे यंत्र लागत नाही. शिवाय इशाराही मिळाला होता. आदल्याच वर्षी अमेरिकेत चिनी गव्हाच्या ग्लूटेनमधल्या मेलामाइनने कुत्री-मांजरे मेली होती. इतके सारे घडल्यावर मग लिक्विड क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या यंत्रांवर मेलामाइन कणाकणाने शोधले जाऊ लागले. २०१० मध्ये बाळांच्या दूधभुकटीसाठी किलोमागे एक मिलिग्रॅम अशी आंतरराष्ट्रीय मर्यादाही आली.

मधाचे तसेच. ऊस आणि मका यांच्या साखरेतले कार्बनचे समस्थानिक वेगळ्या प्रमाणात असतात, त्यावरून भेसळ पकडता येते हे कळले, तसा भेसळवाला तांदळाच्या सिरपकडे वळला. ते या चाचणीला दिसत नाही. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सीएसई या संस्थेने तेरा ब्रँडचा मध जर्मनीत एनएमआर चाचणीसाठी धाडला, तीनच टिकले. कंपन्यांनी ते अर्थातच अमान्य केले.

आपल्याकडे दुधाचा भाव फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेला घनांश) यांवर ठरतो. ३.५ आणि ८.५ हे दोन आकडे गावातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतात. पण लॅक्टोमीटर मोजतो ती घनता, आणि एसएनएफ तिच्यावरून काढलेला. पाण्याने डिग्री खाली आली तर साखर, मीठ, युरिया तिला पुन्हा वर नेतात. युरियासाठी साधी रंगचाचणी आहे, डीएमएबी हे रसायन घातले की दूध पिवळे होते. पण थोडा युरिया गाईच्या दुधात मुळातच असतो, म्हणून १०० मिलिलिटरमागे ७० मिलिग्रॅमपर्यंत तो चालतो. त्या फटीत किती जण बसतात, हे केवळ पिवळेपणा पाहून सांगता येत नाही. दुसरीकडे, संकलन केंद्रावरच्या मिल्कोमीटरने एका पॉइंटने फॅट कमी दाखवली तरी प्रामाणिक शेतकऱ्याचे पैसे कापले जातात. त्याने दाद मागायची कुठे? ही यंत्रे त्रयस्थाकडून तपासा, ही शेतकऱ्यांची मागणी जुनीच आहे, आणि रास्त आहे.

देशभरातल्या ६,४३२ नमुन्यांची पाहणी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१९ मध्ये जाहीर केली. ज्या युरिया-डिटर्जंटची आपल्याला धास्ती, तसल्या भेसळीचे नमुने निघाले अवघे बारा. मात्र ५.७ टक्के नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-वन मर्यादेबाहेर सापडले. हे बुरशीचे विष, जनावराच्या खाद्यातून दुधात उतरते. ते दिसले, कारण या वेळी देशव्यापी पातळीवर ते मुद्दाम शोधले होते.

तेव्हा दोन गोष्टी तरी लगेच करता येतील. नमुन्याच्या निकालासोबत तो कोणकोणत्या पदार्थांसाठी तपासला, ही यादी अन्न व औषध प्रशासनाने संकेतस्थळावर टाकावी. पुढच्या महिन्यात कोणत्या चाचण्या होणार, ते मात्र कोणालाही आधी कळू देऊ नये. चाचण्या फिरत्या ठेवाव्यात. आणि अफ्लाटॉक्सिन शोधायचे असेल तर नमुना दुधाचा नव्हे, ओल धरलेल्या सरकी पेंडेचा घ्यावा लागेल. टँकरवरच्या धाडींचे फोटो आपण दरवर्षी पाहतो, पेंडेच्या गोदामावर धाड पडल्याचा फोटो अजून पाहण्यात नाही.